डोंगरावर फादरांनाही ‘नाही’ म्हणता यावे

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोममध्ये दोन तरुणांना संतपद जाहीर केले. त्यांतला एक पक्का डोंगरवेडा होता. पिएर जॉर्जिओ फ्रासाती हा १९०१ साली इटलीतल्या तुरिन शहरात जन्मलेला, खात्यापित्या घरातला मुलगा. इटालियन आल्पाइन क्लबचा तो सदस्य होता. मित्रमैत्रिणींना जमवून सुट्टीच्या दिवशी आल्प्सच्या वाटा तुडवायचा आणि आठवडाभर शहरातल्या गरिबांच्या घरी औषधपाणी पोचवायचा. पोलिओने तो १९२५ मध्ये गेला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याची गाजलेली छायाचित्रे चर्चमधली नाहीत, कडेकपारीतली आहेत. अशा तरुणाला कॅथलिक चर्चने वेदीचा मान दिला, ही चर्चच्या युवा गटांसाठी साधी गोष्ट नाही.

आपल्याकडेही पाऊस ओसरला की वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर इथल्या चर्चच्या आवारांत पहाटे एक दृश्य हमखास दिसते. गेटाबाहेर बस उभी असते. पन्नासेक मुलेमुली, कुणाच्या पाठीवर सॅक, कुणाच्या हातात गिटार, मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणि सँडविचचे डबे. फादर प्रार्थना म्हणतात, बसवर पवित्र पाणी शिंपडतात. निरोपाला आलेल्या आया खिडकीतून शेवटच्या सूचना देतात. बस हलते आणि मागे राहिलेले पालक निर्धास्त मनाने घरी जातात. वाट कुठली, चढ किती, मुले परतणार किती वाजता, कुणाला प्रथमोपचार येतात का, असे सहसा कुणी विचारत नाही. उत्तर आधीच ठरलेले असते: ‘फादर आहेत ना सोबत!’

हा विश्वास चर्चने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला आहे आणि तो मोलाचा आहे. पण डोंगराला फादर कोण आणि सरपंच कोण हे कळत नाही. म्हणून दोन गोष्टी एका दमात सांगायला हव्यात. चर्चच्या युवा गटांनी डोंगरदऱ्यांत जायलाच हवे, आज जातात त्याहून जास्त जायला हवे. आणि फादरांची सोबत म्हणजेच तयारी, हा समज आता सोडायला हवा. प्रत्येक धर्मप्रांताने आपल्याच युवकांतून प्रशिक्षित पथप्रमुख घडवावेत आणि ‘इथून मागे फिरायचे’ हे सांगण्याचा अंतिम अधिकार त्यांच्या हाती द्यावा, अगदी सोबतच्या धर्मगुरूंच्याही वर.

पहिली गोष्ट आधी पाहू. मुलांना घेऊन उघड्यावर जाणे ही चर्चसाठी नवी टूम नाही. विल्यम अलेक्झांडर स्मिथ यांनी १८८३ मध्ये ग्लासगोत रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी बॉइज ब्रिगेड काढली आणि तीन वर्षांत तिचे पहिले शिबिर भरले. अमेरिकेत १८८५ साली वायएमसीएचे समनर डडली सात मुलांना घेऊन तळ्याकाठी तंबूत राहायला गेले. वायएमसीएच्या शिबिर परंपरेचा उगम तिथला मानला जातो. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर स्काउटिंगचा पहिला प्रयोग केला, तेव्हा त्यांच्या तुकडीत बॉइज ब्रिगेडची मुले होती. मुंबईच्या वायएमसीएचे मावळातल्या निळशीचे शिबिरस्थळ याच परंपरेतले. पुढे पोप पायस अकरावे झालेले आकिले रात्ती तर कसलेले गिर्यारोहक. त्यांनी १८८९ मध्ये मॉन्टे रोझाची अवघड पूर्वभिंत चढून काढली आणि पोप झाल्यावर १९२३ मध्ये मेंथोनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

पण आजच्या युवा संचालकाने नीट अभ्यासावे असे उदाहरण पोलंडमधले आहे. कॅरोल वॉयतिवा, म्हणजे पुढचे पोप जॉन पॉल दुसरे, १९४९ पासून क्राकोच्या संत फ्लोरियन चर्चमध्ये विद्यार्थ्यांत काम करत होते. कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूने तरुणांचे गट घेऊन फिरण्याला मज्जाव होता. मग ते साध्या कपड्यांत निघत आणि मुले त्यांना ‘वुयेक’, म्हणजे काका, अशी हाक मारत. डोंगरातल्या पायपिटी झाल्या, १९५३ पासून नदीतल्या कयाक सहली सुरू झाल्या. होड्या दोघांच्या असत. काका रोज वेगवेगळ्या मुलाबरोबर बसायचे, म्हणजे वल्ही मारता मारता प्रत्येकाशी निवांत बोलणे होई. सकाळची मिस्सा नदीकाठीच. पालथी घातलेली कयाक ही वेदी, दोन वल्ही बांधून केलेला क्रूस. १९५८ च्या उन्हाळ्यात अशाच एका सहलीत त्यांना वॉर्सातून बोलावणे आले. अडतीस वर्षांच्या या धर्मगुरूंची क्राकोचे सहायक बिशप म्हणून नेमणूक झाली होती. त्यांनी होकार दिला आणि मुलांकडे नदीवर परत आले.

त्या मुलांशी त्यांचे नाते पुढे आयुष्यभर टिकले. व्याख्यानाच्या खुर्च्यांवर बसून जे बोलणे होत नाही, ते ओल्या बुटांनी शेजारी शेजारी चालताना होते. लग्न करावे की नाही, नोकरी कुठली धरावी, श्रद्धा कुठे डळमळते आहे, हे प्रश्न मुले सभागृहात हात वर करून विचारत नाहीत. चढावर दम लागतो, बोलणे तुटक होते, मनातले बाहेर पडते. युवा शिबिरे चालवणाऱ्या कुठल्याही सिस्टरला किंवा पाळकाला विचारा, ते हेच सांगतील.

वसईपुरते बोलायचे तर आणखी एक कारण आहे. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, यांच्यामध्ये ही ख्रिस्ती वस्ती शतकांपासून शेती, बागायती आणि मासेमारीवर जगली. आज नंदाखाल, गास, आगाशी, सांडोर इथल्या तरुणाची सकाळ लोकलच्या दारात उगवते. केळीची बाग आजोबांची, विहीर बुजलेली, घराभोवती इमारती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा जमीन, पाणी, झाडे हा श्रद्धेचाच विषय आहे असे त्यांनी लोकांना पटवून दिले. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेले हे धर्मगुरू २०२४ च्या जुलैत गेले. त्यांच्या पुढच्या पिढीला वसईचा पूर्वेकडचा डोंगर केवळ ट्रेनच्या खिडकीतून माहीत असेल, तर ती चळवळ कुणाच्या जिवावर चालणार? त्या डोंगरात शिरल्याशिवाय तिथल्या वारली आणि कातकरी पाड्यांची ओळख होणार नाही, आणि वसईच्या विहिरींना पाणी कुठून येते हेही कळणार नाही.

तेव्हा मुलांना न्यायचेच. प्रश्न कसे न्यायचे हा आहे, आणि त्याचे उत्तर दोन दुर्घटनांमधून शिकता येते. दोन्हींतले गट ख्रिस्ती संस्थांचे होते आणि दोन्हींतली मोठी माणसे मुलांना जीव लावणारी होती.

१२ मे १९८६. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातील ओरेगॉन एपिस्कोपल स्कूल ही चर्चशी जोडलेली शाळा. तिथली पंधरा-सोळा वर्षांची मुले मध्यरात्रीनंतर माउंट हूड चढायला निघाली. सुमारे ३,४०० मीटर उंचीचा हा बर्फाच्छादित पर्वत चढणे हा त्या शाळेच्या साहस उपक्रमाचाच भाग होता. पथकाचे प्रमुख शाळेतले शिक्षक आणि स्वतः धर्मगुरू. पर्वताचा त्यांना अनुभव होता. वाटेत काही जण बरे न वाटल्याने परतले. उरलेले चढत राहिले. हवा बिघडत गेली. शिखर अगदी हाताशी आलेले असताना अखेर मागे वळायचे ठरले, पण तोवर वादळाने वाट पुसून टाकली होती. तेरा जणांनी बर्फात गुहा खणली. ती इतकी तोकडी की सगळे एका वेळी आत मावेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे मदत आणायला खाली उतरले. शोधपथकांना गुहा सापडली ती चौथ्या दिवशी. एकूण नऊ जण दगावले: सात विद्यार्थी आणि दोन मोठी माणसे, त्यांत ते धर्मगुरूही. गुहेतून दोन मुले जिवंत निघाली.

त्यानंतर आजतागायत एकच प्रश्न विचारला जातो: मागे वळायला इतका उशीर का झाला? अनुभव होता, उपक्रम ठरलेला होता, मुले जिद्दीने चालत होती. या तिन्ही चांगल्या गोष्टी पुढे ढकलणाऱ्या आहेत. मागे खेचणारी गोष्ट एकच असू शकते: चढाईच्या आधी ठरवलेली परतीची वेळ आणि ती पाळायला लावणारा माणूस.

दुसरी घटना १५ एप्रिल २००८ ची, न्यूझीलंडमधली. ऑकलंडच्या एलिम ख्रिश्चन कॉलेजची मुले एका नावाजलेल्या साहस केंद्रात आली होती. दहा विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि केंद्राची एक प्रशिक्षक असे बारा जण मांगाटेपोपो नदीच्या अरुंद घळीत उतरले. पाऊस कोसळला आणि पाणी झपाट्याने चढले. एका कपारीवर ते अडकले. पाणी वाढतच गेले, तेव्हा पोहण्यात तरबेज मुलांना कच्च्या मुलांशी जोडून, एकेक जोडी प्रवाहात उडी घेऊन बाहेर पडण्याचा प्रयत्न झाला. सहा विद्यार्थी आणि शिक्षक वाहून गेले. या घटनेनंतर न्यूझीलंडने साहसी उपक्रमांचे नियम नव्याने आखले आणि २०११ मध्ये लागू केले.

न्यूझीलंडची घळ दूरची वाटेल, पण ती आपल्या ओळखीची आहे. तुंगारेश्वरच्या रांगेतल्या चिंचोटी धबधब्यावर जुलै २०१८ मध्ये असेच पाणी वाढले, शंभराहून अधिक माणसे अडकली, एकाचा जीव गेला. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभे असलेले ते कुटुंब साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिले. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ८ जून २०१४ ला हिमाचलात बियास नदीत, वरच्या धरणातून पाणी सोडल्यावर, हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी गेले. यांतले कुणीही अचाट धाडस करायला निघालेले नव्हते. ही माणसे सहलीला गेली होती.

सह्याद्रीत पावसाळ्यातला ओढा कसा फुगतो, हे युवा गटाच्या प्रत्येक पथप्रमुखाला तोंडपाठ हवे. डोक्यावर पाऊस नसला तरी वर माथ्यावर कोसळत असतो. पहिली खूण पाण्याच्या रंगाची. नितळ पाणी चहासारखे गढूळ दिसू लागते. मग त्यावर पालापाचोळा आणि बारीक काटक्या तरंगत येतात. आवाज बदलतो, खळखळ जाऊन खालच्या पट्टीतली घरघर सुरू होते. मघाशी कोरडा असलेला दगड बुडतो. एवढे दिसेपर्यंत थांबले तर मिनिटेच हातात असतात. सेल्फीसाठी मधल्या खडकावर चढलेल्या वीस मुलांना त्या मिनिटांत काठावर आणणे सोपे नाही. म्हणून नियम साधा हवा: पावसाळ्यात ओढा ओलांडून पलीकडे जावे लागेल अशी वाट युवा गटाने निवडूच नये. हवामान खात्याने त्या जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर बस गेटाबाहेर पडू नये, पैसे भरलेले असोत वा नसोत. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.५ च्या पुढे अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस. पथप्रमुखाला हे आकडे ठाऊक असले की ‘बघू, पाऊस काय रोजचाच आहे’ हे वाक्य तोंडी येत नाही.

पावसाळा संपल्यावर धोके संपत नाहीत, त्यांची जात बदलते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कड्यांवर आग्या मोहोळ असते. शेकोटीचा धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी ते उठते. मार्चनंतर उघड्या कातळावर दुपारी दोन लिटर पाणी पुरत नाही. अंधार पडल्यावर वाट चुकते, आणि डिसेंबरात सहालाच अंधारते. साप चावला तर नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांतला कुठला हे ओळखत बसायचे नाही. कापायचे नाही, चोखायचे नाही, घट्ट आवळून बांधायचे नाही. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात तडक पोचायचे. ते रुग्णालय कुठले, तिथे प्रतिविष शिल्लक आहे का, हे निघायच्या आधी फोन करून विचारायचे असते.

वेळेचे गणितही असेच आधी मांडायचे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशेब आजही कामाला येतो: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. समजा वाट सहा किलोमीटर आणि चढ नऊशे मीटर. सव्वा तास अधिक दीड तास, म्हणजे पावणेतीन तास. पण हा झाला सराव असलेल्या माणसाचा वेग. पन्नास मुले, त्यांतली निम्मी पहिल्यांदाच आलेली, लोखंडी शिडीपाशी लागणारी रांग, फोटो, प्रार्थना हे धरले तर चार तास सहज लागतात. उतरायला तीन. सकाळी दहाला पायथा सोडणाऱ्या गटाला खाली यायला पाच वाजतात आणि हाताशी उजेडाचा एकच तास उरतो. मग एखाद्याचा पाय मुरगळला तर? म्हणून गट कितीही पुढे गेला असो, दुपारी एक वाजता जिथे असेल तिथून मागे फिरायचे, असे काहीतरी आदल्या दिवशी कागदावर लिहून सर्वांना ऐकवलेले हवे.

इथे चर्चच्या गटांची एक खास अडचण येते. अशा गटांत ज्येष्ठांचा शब्द मोडत नाहीत. फादर किंवा पाळक ‘चला, आणखी थोडे’ म्हणाले तर पंचविशीतला पथप्रमुख, मनात शंका असूनही, गप्प बसतो. एरवी ज्या आदरावर मंडळी उभी असते, तोच आदर कड्यावर गळ्याशी येऊ शकतो. रविवारची घाईही असते: ‘संध्याकाळच्या मिस्सेला पोचायचे आहे’. वास्तविक शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. सहल शनिवारच्या मिस्सेनंतर निघाली तर परतीचा ताणच उरत नाही. वॉयतिवांसारखे धर्मगुरू सोबत असतील तर मिस्सा डोंगराच्या पायथ्याशीही होऊ शकते.

म्हणून अधिकाराची वाटणी निघण्यापूर्वी, सर्वांसमोर, फादरांनीच जाहीर करावी. प्रार्थना, संवाद, मुलांची मने ही फादरांची बाजू. वाट, वेळ, हवा आणि परतणे ही पथप्रमुखाची. ‘आज या वाटेवर मीसुद्धा याचेच ऐकणार आहे,’ असे फादरांनी मुलांपुढे एकदा म्हटले की बावीस वर्षांच्या मुलीलाही ‘फादर, आता मागे फिरू’ म्हणायला जड जात नाही. यात धर्मगुरूंचा मान कमी होत नाही. बोटीत बसलेला बिशपही तांडेलाचेच ऐकतो, हे वसईच्या कोळीवाड्यांना वेगळे सांगायला नको.

चालण्याची शिस्तही अशीच ठरलेली असावी. सर्वांत पुढे एक जाणता, सर्वांत मागे दुसरा, आणि मागच्याच्या मागे कुणी नाही. प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक थांब्यावर क्रमाने मोठ्याने म्हणायचा. ‘सतरा’ नंतर ‘अठरा’ आला नाही की सगळे जागच्या जागी थांबतात. पन्नास जणांची मोजणी मिनिटाभरात होते, आणि झाडीत मागे बसलेली, बुटाचा बंद सोडवत राहिलेली मुलगी दोन वळणे मागे असतानाच लक्षात येते, बसमध्ये बसल्यावर नाही. गट पन्नासाचा असेल तर त्याचे पाच भाग करून प्रत्येकावर एक मोठा माणूस नेमला पाहिजे. शिवाय पायथ्याच्या गावातला वाटाड्या हवाच, त्याचा मोबदला सहलीच्या वर्गणीत धरलेला. बारीचा माणूस कळसूबाई आणि पाचनईचा माणूस हरिश्चंद्रगड जसा ओळखतो, तसा कुठलाही मोबाइल नकाशा ओळखत नाही.

मुक्कामी सहलीत आणखी एक जबाबदारी येते, आणि तिच्याबद्दल चर्चने संकोच न करता बोलले पाहिजे. अठरा वर्षांखालची मुले सोबत असतील तर स्त्रीपुरुष दोन्ही पथप्रमुख हवेत. मुलामुलींची झोपण्याची व्यवस्था वेगळी, मोठ्यांची मुलांपासून वेगळी. कुठल्याही एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर तंबूत किंवा खोलीत एकटे राहायचे नाही, मग तो धर्मगुरू असो, डॉक्टर असो की मंडळाचा अध्यक्ष. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गैरप्रकाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. ‘आपल्यातच मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही. नियम सर्वांना सारखा आणि आधीपासून माहीत असला की कुणावर संशय घेतल्यासारखे होत नाही, आणि मुलांना कुणाकडे जाऊन बोलायचे ते कळते.

यावर एक आक्षेप येणार. इतक्या अटी घातल्या तर कोण कशाला नेईल? त्यापेक्षा एखादे रिसॉर्ट बरे, स्विमिंग पूल आहे, जेवण आहे, सात वाजता परत. अनेक धर्मग्रामांनी हा सोपा मार्ग धरलाही असेल. पण मुले डोंगरात जायची थांबत नाहीत. चर्चने नेले नाही तर ती चार मित्रांची टोळी करून, दोन दुचाकींवर, इन्स्टाग्रामवर पाहिलेल्या धबधब्याकडे जातात, आणि तिथे ना वाटाड्या असतो ना कुणी क्रमांक मोजणारा. जो मुलगा युवा गटाबरोबर ओढ्याच्या अलीकडे थांबायला शिकलेला आहे, तो मित्रांबरोबर असतानाही थांबण्याची शक्यता जास्त. सहल बंद केल्याने चर्चची जोखीम टळेल, मुलाची नाही.

दुसरा आक्षेप असा की हे काम व्यावसायिकांचे आहे. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, जमीन, पाणी आणि हवेतल्या उपक्रमांच्या आयोजकांसाठी नोंदणीची आणि सुरक्षेची चौकट घातली. दोर, कयाक, रॅपलिंग असे काही असेल तर नोंदणी असलेल्या आयोजकाकडेच जावे, यात वाद नाही. पण मांगाटेपोपोच्या घळीत उतरलेला गटही नावाजलेल्या केंद्राच्याच हाती होता. पैसे मोजून जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. आयोजकाला प्रश्न विचारता येण्याइतके ज्ञान गटातल्या दोघातिघांकडे तरी असावेच लागते: आजचा अंदाज काय, परतीची वेळ कुठली, दवाखाना किती लांब, तुमच्या प्रशिक्षकाने ही वाट किती वेळा केली आहे?

हे ज्ञान मिळवायची सोय महाराष्ट्रात भरपूर आहे. गिर्यारोहणाच्या जुन्या संस्था मुंबई-पुण्यात आहेत, त्यांची प्राथमिक शिबिरे होतात. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने राज्यातली बचाव पथके एकमेकांशी जोडलेली आहेत. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीचे यशवंती हायकर्स यांच्यासारखी मंडळी पदरमोड करून दरीत उतरतात. या पथकांना चर्चच्या सभागृहात एका रविवारी बोलावले, तर त्यांनी काढलेल्या मृतदेहांच्या हकिकती ऐकून पालकही प्रश्न विचारायला शिकतील. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आणि दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून तरुणांना शिकवते आहे. त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा.

तिथे मुले पाठवायची तर खर्च येतो. पण चर्चला पैसा उभा करणे नवे नाही. सणाच्या रोषणाईला आणि वाद्यवृंदाला वर्गणी जमते, तशी एका धर्मग्रामातून दरवर्षी दोघांच्या प्रशिक्षणालाही जमेल. पाच वर्षांत दहा जण तयार होतील, त्यांतले काही लग्न होऊन, नोकरीने बाहेर जातील, तरी चार-पाच हाताशी राहतील. अट एकच असावी: दोघांत एक मुलगी. आज सहलीला मुली निम्म्याहून जास्त येतात आणि पुढारपण मुलांकडे राहते. वाटेत मुलीला पोटात दुखू लागले, पाळी आली, तर ती ते विशीतल्या मुलाला सांगत नाही, सहन करत चालत राहते आणि मागे पडते. हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

वसईसह राज्यातल्या धर्मप्रांतांच्या युवा विभागांनी आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या तरुण संघांनी हे काम येत्या हंगामाआधी हाती घ्यावे. एक पानाची नियमावली पुरे: हवामानाचा इशारा, परतीची वेळ, मोठ्यांचे प्रमाण, मुक्कामाचे नियम, जवळचे रुग्णालय, आणि पथप्रमुखाचा अंतिम अधिकार. ती धर्मगुरू, पथप्रमुख आणि पालक अशा तिघांनी सही करून चर्चच्या फलकावर लावावी. सहलीच्या आठवडाभर आधी पालकसभा घ्यावी आणि त्यात वाटेतले धोके झाकून न ठेवता सांगावेत. दमा, फिट, ॲलर्जी असलेल्या मुलांची नोंद त्याच सभेत करावी. उत्तरकाशी-दार्जिलिंगच्या अभ्यासक्रमांच्या जागा खूप आधी भरतात, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात जाणाऱ्या दोघांची नावे या वर्षाच्या अखेरीआधी ठरायला हवीत. धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय घालायला कुणाची परवानगी लागत नाही. परिषदेतल्या एका पालकाने तो मांडला तरी चालेल.